धडा कोणी लिहावयाचा?

इंग्रजीतील शिक्षणविषयक मजकूर मराठीत आणताना एक शब्द हमखास अडतो : ‘ऑथरिंग सॉफ्टवेअर’. अक्षरे, चित्रे, ध्वनी आणि चलच्चित्रे एकत्र गुंफून, विद्यार्थ्याने बटन दाबताच त्याला उत्तर देईल असा धडा तयार करण्याचे हे संगणकीय साधन. ‘निर्मिती-प्रणाली’ असा एखादा गुळगुळीत प्रतिशब्द योजून यातून सुटका करून घेता येईल. परंतु मूळ शब्दात ‘ऑथर’ आहे, म्हणजे लेखक आहे. आणि लेखक म्हटला की तो कोण, कोणाच्या वतीने लिहितो आणि लिहिलेल्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न उभे राहतातच. अनुवादकाने शब्द गुळगुळीत केला की प्रश्नही गुळगुळीत होतात. शाळेतील संगणकाविषयी आपल्या देशात जी चर्चा चालते, तिची नेमकी हीच गत झाली आहे.

या चर्चेत दोनच आवाज ऐकू येतात. एक आवाज सत्ताधारी वर्गाचा आणि त्याच्या व्यापाऱ्यांचा : वर्गात पडदा लावा, त्यावर तयार धडे सोडा, की शिक्षणाचा प्रश्न सुटला! दुसरा आवाज आपल्याच काही कॉम्रेड्सचा आहे. त्यांचे म्हणणे असे की, शिक्षकाला हटविण्यासाठीच हे यंत्र आणले जात आहे, तेव्हा ते शाळेच्या दारातच अडविले पाहिजे. पहिल्या आवाजाचा समाचार घेणे सोपे आहे आणि तो घेतलाच पाहिजे. पण दुसऱ्याशीही वाद घालणे भाग आहे. कारण त्याचा व्यवहारातील परिणाम एवढाच होतो की, लेखनाचे साधन विनालढाई प्रतिपक्षाच्या हाती जाते.

तयार मालाचे दुकान

बायजूज या कंपनीचे उदाहरण ताजे आहे. २०२० साली महासाथीत शाळा बंद पडल्या, कोट्यवधी मुले घरी बसली आणि नेमक्या याच काळात या कंपनीत देशी-विदेशी भांडवलाचा पूर लोटला. ऑगस्ट २०२० मध्ये तिने ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ ही मुलांना संगणकाची आज्ञावली शिकविणारी कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२२ मध्ये बायजूजचे मूल्य २२ अब्ज डॉलर असल्याचा डांगोरा पिटला गेला. आणि जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळूर पीठाने याच कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू केली. भांडवली वृत्तपत्रांनी या साऱ्याचा दोष चालकांच्या उतावळेपणावर ढकलला आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या कंपनीची आरती सुरू केली.

आमच्या दृष्टीने या कहाणीतील एक छोटी बाब अधिक बोलकी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बायजूजने ‘जिओजेब्रा’ विकत घेतले. जिओजेब्रा हे गणिताचे ऑथरिंग साधन. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात प्रबंधासाठी त्याची सुरुवात केली. या साधनाने एखादा शिक्षक पडद्यावर त्रिकोण काढतो, शिरोबिंदू पायाला समांतर अशा रेषेवर डावीउजवीकडे सरकवितो; त्रिकोण लांबुळका होतो, कलतो, ओळखू येईनासा होतो, पण क्षेत्रफळाचा आकडा जागचा हलत नाही. पाया आणि उंची यांचे सूत्र ज्या मुलीने केवळ घोकलेले असते तिला ते येथे डोळ्यांनी दिसते. आणि शिरोबिंदू तिच्या स्वतःच्या हातात दिला तर ती तो समांतर रेषेच्या बाहेर नेऊन आकडा केव्हा बदलतो हेही शोधून काढते. असे हजारो धडे देशोदेशींच्या शिक्षकांनी तयार केले, एकमेकांना दिले. कोणी त्याचे मोल मागितले नाही. आणि एके दिवशी हे सारे साधन, त्याभोवती जमलेल्या शिक्षकांच्या मेळ्यासह, ज्या कंपनीला यापैकी एकही धडा सुचला नव्हता तिच्या ताळेबंदात जमा झाले. ते पूर्वीप्रमाणेच स्वतंत्रपणे चालेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. ते खरे धरले, तरी मालकाची मर्जी म्हणजे आपला हक्क नव्हे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात उत्पादक श्रमाची चर्चा करताना शाळामास्तराचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. मास्तर मुलांच्या डोक्यांवर मेहनत घेतो एवढ्याने तो भांडवलाच्या लेखी उत्पादक ठरत नाही. शाळेच्या मालकाची तिजोरी भरतो तेव्हा तो ठरतो. मार्क्सच्या मास्तराला निदान रोज वर्गात उभे राहावे लागे. आजच्या मालकाने पुढची पायरी गाठली आहे. मास्तराचे श्रम एकदाच चित्रफितीत गोठवून ठेवायचे आणि लक्षावधी वेळा विकायचे. मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी लागत नाही. जिवंत श्रमावर मृत श्रमाने स्वार होणे म्हणजे काय, हे याहून स्वच्छ रूपात क्वचितच दिसेल.

याउलट ऑथरिंग साधन वर्गात आले तर मास्तराची गरज वाढते. मुलांनी धडा रचायचा तर चुका पाहणारा, अडल्या जागी प्रश्न विचारणारा, दहा गटांमधून फिरणारा माणूस हवा. म्हणूनच बाजार तयार धडा विकतो; धडा रचण्याचे साधन त्याला तोट्याचे वाटते.

साधन होते, ते काढून घेतले

हा केवळ तर्क नव्हे, इतिहास आहे. जीन पियाजे यांच्याबरोबर जिनीव्हात काम केलेले सेमूर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावरच्या कासवाला मूल आज्ञा देते, कासव चालते, मागे रेघ उमटते. चौकोन काढायचा तर कासवाला कितीदा आणि किती अंशांनी वळवायचे याचा विचार मुलालाच करावा लागतो. मूल यंत्राला चालविते की यंत्र मुलाला चालविते, हा पेपर्ट यांचा मूळ प्रश्न होता. वर्गसमाजात हा प्रश्न शाळेच्या भिंतीआड सुटत नाही, याची त्यांना पुरेशी जाण होती असे वाटत नाही. परंतु प्रश्न बिनचूक होता.

१९८७ साली अ‍ॅपल कंपनीने बिल अ‍ॅटकिन्सन यांचे ‘हायपरकार्ड’ आपल्या संगणकाबरोबर फुकट दिले. पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे पडद्यावर एकामागून एक पत्ते रचायचे, पत्त्यावर मजकूर, चित्र किंवा ध्वनी ठेवायचा, बटन ठेवायचे आणि कोणते बटन कोणत्या पत्त्याकडे नेईल ते ठरवायचे. एवढ्याच युक्तीवर अमेरिकेतील शाळाशिक्षकांनी आणि मुलांनी इतिहासाचे, जीवशास्त्राचे, गोष्टींचे संच रचले. त्यासाठी संगणकतज्ज्ञ व्हावे लागले नाही. पुढे काय झाले? कंपनीने त्यात लक्ष घालणे कमी केले आणि २००४ साली विक्री थांबवून हायपरकार्ड मोडीत काढले. शिक्षणासाठी बनविलेल्या ‘ऑथरवेअर’चा विकास अ‍ॅडोबी कंपनीने २००७ मध्ये बंद केला, ‘डायरेक्टर’ २०१७ मध्ये गुंडाळले. ‘फ्लॅश’ची गोष्ट तर कालपरवाची. जगभरच्या शिक्षकांनी विज्ञानाचे, भूगोलाचे, भाषेचे असंख्य हलते-बोलते धडे त्यात केले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने त्याचा आधार काढून घेतला, १२ जानेवारी २०२१ पासून ते चालविण्यासही बंदी घातली, आणि ज्यांना ते धडे दुसऱ्या साच्यात हलविता आले नाहीत त्यांचे श्रम नाहीसे झाले. फ्लॅशमध्ये सुरक्षिततेचे दोष होते हे खरे. परंतु कागद तयार करणारा कारखानदार वीस वर्षांनी येऊन शिक्षकाच्या घरातील वही जाळून जात नाही. या साधनाच्या बाबतीत तसे करता येते, आणि तेही कायदेशीरपणे.

भारतात तर गोष्ट साधनापर्यंत पोहोचलीच नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्प काढला. सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक बसविले गेले. त्यांच्यावरील धडे इंग्रजीत होते, आणि ज्या मुलाला ‘कीबोर्ड’ हा शब्द नवा होता त्याच्यासमोर ते ठेवण्यात आले. २००४ मध्ये ‘शाळांत माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान’ योजना आली. अनेक राज्यांनी ती बांधा-मालकी घ्या-चालवा-हस्तांतरित करा या ठेकेदारी पद्धतीने राबविली : कंपनीचे यंत्र, कंपनीने तुटपुंज्या मानधनावर नेमलेला संगणक-शिक्षक, पाच वर्षांचा करार. करार संपला की माणूस गेला, यंत्रे उरली. आपल्यापैकी ज्यांनी ग्रामीण शाळांतून काम केले आहे त्यांना कुलूपबंद संगणककक्ष आणि प्लॅस्टिकच्या आवरणाखालील धूळ यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याची भाषा होती. धोरणाच्या कागदावर पुष्कळ चांगल्या गोष्टी असतात.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘दत्तक शाळा’ योजना काढून उद्योगसमूहांना पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा ‘दत्तक’ घेण्याची, वस्तू व सेवा पुरविण्याची आणि शाळेच्या नावाला देणगीदाराचे नाव जोडण्याची सोय करून दिली. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, शूद्र रयतेच्या घामातून आलेला सरकारी महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, असे ठणकावून सांगितले होते. तेव्हा रयतेचा पैसा दुसऱ्यांच्या शाळेत जात होता. आता रयतेची शाळाच देणगीदाराच्या जाहिरातीला लावली जात आहे.

आपल्या कॉम्रेड्सचा आक्षेप

येथवर बहुतेक वाचक मान हलवतील. आता घरच्या वादाकडे वळू.

यंत्र दारातच अडवा असे म्हणणारे कॉम्रेड्स आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या लढ्याचा दाखला देतात. १९६० च्या दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणक बसविण्याविरुद्ध झुंज दिली, हा आपल्या चळवळीचा अभिमानाचा इतिहास आहे. परंतु तो लढा कशासाठी होता? बेकारीने ग्रासलेल्या देशात हजारो नोकऱ्यांवर गदा आणण्याच्या व्यवस्थापनाच्या हक्काविरुद्ध. तारा आणि दिवे यांच्याशी कोणाचे वैर नव्हते. त्या लढ्याचे सूत्र घेऊन आज शाळेत जायचे तर पहिली मागणी शिक्षकांच्या जागांची असली पाहिजे. केंद्राच्याच ‘यूडायस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीप्रमाणे देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. त्याच आकडेवारीत संगणकाची सोय असलेल्या शाळा ६४.७ टक्के आणि इंटरनेट असलेल्या ६३.५ टक्के आहेत. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शाळांत यंत्र नाही, आणि जेथे आहे तेथेही पुष्कळ ठिकाणी ते वापरणारा माणूस पुरेसा नाही. जो पहिली ते पाचवीचे सारे वर्ग एकट्याने सांभाळतो, पोषण आहाराच्या नोंदी ठेवतो, निवडणुकीच्या याद्या तपासतो आणि संध्याकाळी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे चढवीत बसतो, त्याला ‘आता तू धड्याचा लेखक हो’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. ती आपणही करू नये.

पण यावरून साधनच नको हा निष्कर्ष कसा निघतो? खासगी शाळेतील मूल ते शिकणारच आहे. अडविले जाईल ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल. त्याच्या वाट्याला फक्त पाहणे येईल : कोणीतरी केलेली चित्रफीत, कोणीतरी ठरविलेला प्रश्न, चार पर्यायांतील एक. लिहिणारे आणि वाचणारे असे दोन वर्ग आपल्या समाजात शतकानुशतके होते. वाचण्याचीही मनाई असलेला तिसरा होता. नव्या लिपीच्या बाबतीत हीच विभागणी पुन्हा होत असताना आपण दाराशी पहारा करीत उभे राहणार काय?

केरळमधील आपल्या शिक्षक-कॉम्रेड्सनी वेगळा मार्ग धरला. २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला तेव्हा तेथेही बड्या कंपनीचेच सॉफ्टवेअर येऊ घातले होते. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. त्या दशकातच प्रकल्प ग्नू-लिनक्सवर आला. संगणक शिकविण्यासाठी ठेकेदाराचा माणूस न आणता शाळेतल्याच गणिताच्या, भाषेच्या, समाजशास्त्राच्या शिक्षकांना तयार करण्यात आले. २०१६ नंतर डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने ४,७५२ शाळांतील ४५,००० वर्ग सज्ज केले आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थी मंडळे दोन हजारांहून अधिक शाळांत उभी राहिली. तेथील मुले मुक्त साधनांनी चलच्चित्रे करतात, मल्याळममध्ये मजकूर जुळवितात, ‘स्क्रॅच’मध्ये खेळ रचतात. सॉफ्टवेअर कोणा कंपनीच्या मर्जीने बंद पडणार नाही, कारण त्याची संहिता खुली आहे.

केरळचे गुणगान करून थांबणे हा आपला एक जुना दोष आहे, म्हणून तेथील उणीवही सांगितली पाहिजे. ‘लिटल काइट्स’मध्ये प्रवेश अभिरुची-चाचणीने मिळतो आणि तुकडीत जास्तीत जास्त चाळीस मुले घेतात. म्हणजे शाळेतील बहुसंख्य मुले अजून प्रेक्षकच आहेत. चाचणीत कोण निवडले जाते? ज्याच्या घरी आधीपासून यंत्र आहे त्याला ती सोपी जाण्याचाच संभव अधिक. ही चाळणी काढून टाकणे आणि धडा रचण्याचे काम नेहमीच्या तासात, सर्वांसाठी आणणे, हे पुढचे पाऊल आहे. आणि ते साधने वाटण्याहून कितीतरी कठीण आहे.

कोणता धडा कंपनी कधीच लिहिणार नाही

समजा, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराची आठवीतील मुलगी. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. मधले महिने तिची शाळा बुडते किंवा कशीबशी चालते. तिच्या हातात ऑथरिंग साधन देऊन शिक्षकाने सांगितले, उचल कशी फिटते त्याचा धडा कर. पहिल्या पडद्यावर ती गाव ते कारखाना असा रस्ता काढील. दुसऱ्यावर कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाने दिलेली उचल आणि टनाचा दर. मग प्रश्न येईल : उचल फिटायला किती टन तोडावे लागतील? रोज इतके टन धरले तर किती दिवस? आई दोन दिवस आजारी पडली तर? येथे तिला चल राशी कळते, भागाकार कळतो, आणि धडा ‘चालत नाही’ तेव्हा आपण कोणती पायरी गाळली हेही कळते. आईच्या आवाजात एक बटन असेल. मुकादमाचे कमिशन त्या हिशेबात कोठे बसवायचे, यावर वर्गात भांडण होईल, आणि ते भांडण म्हणजेच शिक्षण.

हा धडा कोणती कंपनी करील? त्याला गिऱ्हाईक नाही. आणि तो सरकारी भांडारात घालायचा म्हटले तर मुकादमाच्या पडद्यापाशीच अधिकाऱ्याचा हात थबकेल.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना हा मुद्दा अधिकच लागू पडतो. बेळगावच्या सरकारी मराठी शाळांत कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची मराठी पुस्तके चालतात. गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळही सुरत-बडोद्यासारख्या शहरांतील मराठी शाळांसाठी पुस्तके काढते. पुणे-मुंबईत तयार झालेला धडा त्यांच्या पुस्तकाशी जुळत नाही, बंगळूर-अहमदाबादला तयार झालेला त्यांच्या भाषेत नसतो. एवढ्या लहान बाजारासाठी भांडवल धडा बनवीत नसते. तेथे शिक्षकाने आणि मुलांनी स्वतः धडा रचणे ही चैन नव्हे. दुसरा मार्गच नाही. आणि शिक्षकाला ते जमत नाही असे कोणी म्हणू नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेतांद्वारे ध्वनी, चित्रफिती आणि प्रश्न जोडण्याचे काम केले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. सत्काराला मंत्र्यांची रीघ लागली. एकट्या शिक्षकाचे कर्तृत्व म्हणून त्याचा गौरव करणे सर्वांना परवडले. प्रत्येक शिक्षकाला त्यासाठी आठवड्याचे चार तास मोकळे देणे कोणाला परवडले नाही.

तेव्हा मागणी नेमकी हवी. एकशिक्षकी शाळांत जागा भरा आणि अशैक्षणिक कामे बंद करा, ही पहिली. सार्वजनिक पैशाने येणारे सॉफ्टवेअर खुल्या संहितेचेच असावे आणि ते शिक्षकाच्या भाषेत चालावे. धडा रचण्यासाठी वेळापत्रकात तास असावेत, आणि ते निवडक मंडळासाठी नव्हे तर सबंध वर्गासाठी. शिक्षकाने व मुलांनी केलेला धडा त्यांच्या नावाने, सर्वांना वापरता येईल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावा. कोणत्याही दत्तक देणगीदाराला त्यावर हक्क सांगता येऊ नये. बेळगाव, सुरत, इंदूर, हैदराबाद येथील कॉम्रेड्सनी एकेका शाळेत हे काम सुरू करून पाहण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही; जुना संगणक आणि एक उत्साही शिक्षक एवढे पुरे आहे. संघटनेच्या पातळीवर मात्र बरेच काम बाकी आहे. शिक्षक संघटनांची जी मागणीपत्रके अलीकडे माझ्या वाचनात आली, त्यांत जुने निवृत्तिवेतन, बदल्या, थकीत भत्ते ही कलमे योग्य अशा जोराने मांडलेली होती. धडा कोणी लिहावयाचा, याविषयी त्यांपैकी एकाही पत्रकात ओळ नव्हती.